तुमीच आहा का?

शालूताई धकाते फोनवर कधीच 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. फोन त्यांनी लावलेला असो की समोरच्याने, पहिला प्रश्न ठरलेला, "तुमीच आहा का?" समोर पतसंस्थेचा मॅनेजर असो की दवाखान्यातला मोठा डॉक्टर, तो जरा गडबडायचा, मग "हो, मीच आहे" म्हणायचा. त्यानंतर ताई आपलं नाव सांगायच्या आणि कामाचं बोलायच्या. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाने वैतागून विचारलं होतं, "माह्यावरबी शक आहे का तुहा?" तर म्हणाल्या, "शक नाई रे, सवय आहे."

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं, भिंतीवर दोन मोठे स्क्रीन आणि उन्हाळ्यात गारव्यापेक्षा वासच जास्त देणारा एक कूलर. कंपनी पुण्याची. लॉकडाउनमध्ये शालूताई मोहाडीजवळच्या आंधळगावात आपल्या घरी आल्या आणि तिथूनच काम करत राहिल्या. पुढे कंपनीने परत बोलावलं तेव्हा गेल्याच नाहीत. उलट कंपनीलाच ही खोली घ्यायला लावली आणि आसपासच्या तालुक्यांतून आम्हाला तिघांना गोळा केलं. मी लाखांदूरचा, एक मुलगी पवनीची आणि एक मुलगा साकोलीचा. ताईंच्या तोंडी आमची नावं कधी बसली नाहीत. "ए लाखांदूर, पाय बरं काय लाल झालं ते," "पवनी, तू जेवली का नाई?" असाच कारभार. आमच्यावर देखरेख ठेवणारे निखिल सर पुण्यात बसत, म्हणून त्यांचं नाव पुणे. "पुण्याचा फोन आला होता, पुणे आज चिडून आहे," हे ताई सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

काम राखणदारीचं होतं. दवाखाने, कॉलेजं, पतसंस्था आपले कागद हल्ली क्लाउडवर ठेवतात, म्हणजे दूरच्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या संगणकांवर. तिथे कोण आलं, कुठून आलं, कोणी काय उघडलं, यावर आमचं सॉफ्टवेअर नजर ठेवायचं. नेहमीपेक्षा काही वेगळं दिसलं की भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल पट्टी. मग आमच्यापैकी कोणीतरी ती उघडून बघायची, खरंच चोर असेल तर ते खातं बंद करायचं आणि ग्राहकाला कळवायचं. पट्ट्या दिवसभर येत राहायच्या आणि बहुतेकींच्या मागे चोर नसायचाच. कोणी पासवर्ड विसरलेला असे, कोणी नवा मोबाइल घेतलेला असे.

खाली दुकानात दिवसभर ठोकाठोक चाले. पुण्याची मीटिंग सुरू असताना एकदा सरांनी विचारलं, "मॅडम, तिकडे बांधकाम चालू आहे का?" ताई म्हणाल्या, "नाई सर, लग्नाचा सीझन चालू आहे." सरांना आंदणाची भांडी आठवायला वेळ लागला. पुण्याशी बोलताना भाषा बदलावी, असं ताईंना कधी वाटलं नाही. आम्ही तिघे मात्र सरांचा आवाज ऐकला की पुस्तकातल्यासारखं बोलू लागायचो, आणि फोन ठेवल्यावर ताई आमची नक्कल करून पोट धरून हसायच्या.

लाल पट्टी आली की दुसरे लोक आधी स्क्रीनवर शोधाशोध करतात. ताई आधी फोन उचलत. त्यासाठी त्यांनी बटणांचा एक साधा मोबाइल वेगळा ठेवला होता. एका पतसंस्थेच्या मॅनेजरचं खातं रोज दुपारी भलत्याच मोबाइलवरून उघडत होतं. ताईंनी नोंदवलेल्या नंबरवर फोन लावला, "तुमीच आहा का?" तिकडून बाईचा आवाज आला, "मी त्याईची सून बोलून राहिली." मॅनेजरसाहेब जेवून झोपले होते आणि सूनबाई त्यांच्या नावाने कामं उरकत होत्या. रोजच उरकत होत्या. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, काम तुमी चांगलंच करता. पन पासवर्ड का प्रसाद आहे, घरात वाटाले?" मग त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन करून जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं खातं द्या, काम तिलाच येतं, हेही सांगितलं. सूनबाई आज तिथे पगारावर आहेत. सासरे दुपारी अजून झोपतात.

अशा फोनांत वेळ जाई हे खरंच. एका उन्हाळ्यात निखिल सर स्वतः भंडाऱ्याला आले. आले ते गोड बोलतच. ताई कोष्ट्याघरच्या, वडील टसर रेशमाचे विणकर, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "म्हणजे मॅडम, धागे जुळवणं तुमच्या रक्तातच आहे," असं ते कौतुकाने म्हणाले. ताई म्हणाल्या, "सर, बाबाच्या मागावर मी एक वीतबी इनलं नाई. मी जवळ गेली का धागा तुटे, म्हनून त्यायनं मले इंजिनीरिंगले धाडलं." सरांनी तो विषय तिथेच सोडला.

मग मुद्द्यावर आले. चोर आता यंत्राने चोरी करतात, आपण फोनने राखण करतो, हे चालणार नाही. लाल पट्टी आली की खातं यंत्रानेच बंद केलं पाहिजे, माणसाची वाट न बघता. दुसऱ्या कंपन्यांनी हे सुरू केलंय, आपण केलं नाही तर ग्राहक तिकडे जातील. कुठली पट्टी आली की यंत्राने काय करायचं, याचे नियम ताईंनी लिहायचे. "सगळे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, तुमच्याइतकं चांगलं कोणी लिहू शकणार नाही," सर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

पवनीने विचारलं, "आणि हे झाल्यावर आमचं काय, सर?"

"ते तेव्हा बघू," सर म्हणाले. काय बघणार ते आम्हाला तेव्हाच कळलं.

ते गेल्यावर आम्ही तिघे तोंड पाडून बसलो. मी म्हटलं, "ताई, आपल्याच हातानं आपलं काम काढून टाकाचं का?"

ताई आलूबोंड्याच्या पुड्या सोडत होत्या. म्हणाल्या, "काम जाईन तं जाईन. तुमी पोट्टे हुशार आहा, उपाशी नाई मरत. पन माह्या हातचं यंत्र एखाद्या मानसाले न इचारता घराबाहेर काढन, हे मले नाई चालत. कुलूप लावाच्या आधी एक फोन. तेवढा फोन मी सोडत नाई." पुढे जे काही झालं ते या एका फोनावरूनच झालं. खोली वाचावी म्हणून त्या भांडल्या नाहीत, फोनासाठी भांडल्या.

ताईंचं सगळंच बरोबर असे, असं मात्र नाही. नियम लिहिणं सुरू असतानाच एका कॉलेजची पट्टी आली. कोणीतरी त्यांच्या क्लाउडमधल्या फाइली एकामागून एक पुसत होतं. ताईंनी सवयीने तिथल्या बाबूला फोन लावला. बाबू लग्नाच्या पंगतीत. बँडच्या आवाजात त्याला फोन ऐकू गेला नाही. ताईंनी परत लावला, परत लावला. साकोलीचा मुलगा मागे उभा राहून म्हणत होता, "ताई, बंद करून टाकू का?" आणि त्या हाताने "थांब" म्हणत होत्या. बाबूने हात धुऊन फोन उचलला तोवर प्रवेशाचे अर्ज पुसले गेले होते. पोरांना ते सगळे पुन्हा भरावे लागले.

ताईंनी स्वतःच पुण्याला फोन करून सांगितलं, "सर, माह्या हातून झालं. मी वाट पाहत बसली." एवढंच. बाबूवर ढकललं नाही, बँडवरही नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि आम्हाला जेवा म्हणायलाही विसरल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. सरांनी त्याच संध्याकाळी कळवलं की फोनाचा विषय आता संपला असं समजावं.

ताईंच्या लेखी तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या त्या थेट भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी गेल्या. लिहायच्या, पुसायच्या, गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत उभ्या राहायच्या, परत येऊन लिहायच्या. दुपारी आम्हाला बोलावलं आणि फळ्यावरचं वाचून दाखवलं, "माल जाऊन राहिला असन, तं आधी दार लावा. मानूस येऊन राहिला असन, तं आधी इचारा."

म्हणजे फाइली पुसल्या जाताहेत, माहिती बाहेर चालली आहे, अशी पट्टी असेल तर यंत्राने कोणाला काही न विचारता लगेच बंद करावं. पण नेहमीचाच माणूस नव्या जागेवरून किंवा नव्या संगणकावरून आत येतोय एवढाच संशय असेल, तर आधी त्याला फोन. फोन उचललाच नाही तर मग बंद. मला ते ऐकताक्षणी पटलं. पुण्याला पटलं नाही. सर म्हणाले, चाचणी सुरू करू, आणि चाचणीत फोन नको. ताईंनी "बरं" म्हटलं. त्यांचं "बरं" होकाराचं क्वचितच असे.

चाचणी सुरू झाली आणि दिवाळीही आली. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई असते. दर गावाची मंडई वेगळ्या दिवशी. त्या दिवशी सासरच्या लेकी आणि नोकरीवरची पोरं गावात परततात. दिवसा बाजार आणि दंडार हा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. नागपूरच्या एका रुग्णालयातले एक डॉक्टर मूळचे तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याचे. स्कॅन बघून अहवाल देणं हे त्यांचं काम, आणि ते लॅपटॉपवर कुठूनही करता येई. मंडईसाठी ते गावी आले आणि दुपारी अंगणात खाटेवर मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप उघडून बसले.

भरदुपारी रुग्णालयातून माझ्या टेबलावर फोन आला. अपघातातला पेशंट ऑपरेशनसाठी तयार आहे, स्कॅनचा अहवाल पाहिजे आणि डॉक्टरांचं खातं बंद झालंय. मी पट्टी उघडली. यंत्राने खातं बंद केलं होतं, कारण डॉक्टर आता महाराष्ट्रात, तर चहा थंड व्हायच्या आत मध्यप्रदेशात, परत महाराष्ट्रात, परत तिकडे असे दिसत होते. असं माणूस करू शकत नाही, तेव्हा हे दोघं आहेत आणि त्यातला एक चोर आहे, असा यंत्राचा हिशेब. कागदावर तो चुकीचा नव्हता. असं बंद झालेलं खातं उघडायला सरांची परवानगी लागायची आणि सर विमानात होते.

मी ताईंना स्क्रीन दाखवला. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बपेरा आहे का हे?" त्यांची आत्या बपेऱ्यातच, डॉक्टरांच्या घराशेजारी दिलेली. तिथे अंगणात बसलं की मोबाइल कधी नदीपलीकडचा, मध्यप्रदेशातला टॉवर धरतो, कधी इकडचा, आणि आत खोलीत गेलं की इकडचाच. लहानपणापासून त्या गावी जाणारीलाच हे माहीत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"तुमीच आहा का?"

"हो, मीच! अहो, ताबडतोब उघडा, तिकडे पेशंट आहे!"

"तुमी अंगनात बसले का आत?"

"अंगणात. का?"

"थांबा, फोन ठेवू नोका." आणि ताईंनी आपल्या दुसऱ्या मोबाइलवरून आत्याला फोन लावला. "आत्या, मी शालू. डाक्टरच्या अंगनात डोकावून पाय वो. कोन बसून आहे?"

ताईंनी तो फोन स्पीकरवर टाकला. आत्या कुंपणापर्यंत गेल्याचा, कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "डाक्टरच बसून आहे बापा खाटेवर. मांडीवर मशीन हाय, कानाले फोन हाय, अन् भवताल गावभरचे पोट्टे. कायले वो?"

"काई नाई, मागून सांगतो." ताईंनी खातं उघडलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आता मधातल्या खोलीत जा, भिंतीले टेकून बसा, अन् अहवाल जाईपर्यंत उठू नोका." डॉक्टर दंडार सोडून आत जाऊन बसले. अहवाल गेला, ऑपरेशन झालं. पेशंट वाचल्याचं दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने कळवलं, तेव्हा पवनी रडली. ताई तिला म्हणाल्या, "आता का रडून राहिली? काल रडाचं होतं." त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते.

परवानगीशिवाय खातं उघडल्याचं कारण ताईंना लेखी द्यावं लागलं. त्यांनी लिहिलं, 'आत्याने प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' संध्याकाळी विमानतळावरून सरांचा फोन, "मॅडम, हे 'आत्या' कुठलं सॉफ्टवेअर आहे?" ताईंनी सगळी हकिगत सांगितली. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "यंत्राने आधी फोन केला असता तर?"

"तं डाक्टर 'मीच आहो' म्हनले असते, अन् पेशंट टेबलावर पडून नसता रायला," ताई म्हणाल्या.

सर प्रामाणिक माणूस. त्यांनी फोन मान्य केला. पण प्रत्येक पट्टीला फोन करायला माणसं ठेवता येणार नाहीत, म्हणून फोन यंत्रच करील आणि त्यात आवाज भरून ठेवू, असं ठरवलं. पुण्याहून एका मुलीच्या स्वच्छ आवाजात मजकूर भरून आला. 'नमस्कार. आपल्या खात्यात नवीन ठिकाणाहून प्रवेश झाला आहे.' लोक 'नमस्कार' ऐकूनच फोन कापू लागले. त्यांना वाटायचं, कोणी कर्ज विकतंय नाहीतर कोणी लुबाडतंय. शेवटी सर म्हणाले, मॅडम, तुमच्याच आवाजात करा.

त्यासाठी ताईंनी खालच्या दुकानदाराला थोडा वेळ ठोकणं थांबवायला सांगितलं. मग बटणांच्या मोबाइलसारखंच तोंडाजवळ माईक धरून बोलल्या, "तुमीच आहा का? मी भंडाऱ्यावून शालू धकाते बोलतो. तुमच्या खात्यात कोनीतरी नव्या जागेवून आलं आहे. तुमीच असान तं एक दाबा. नसान तं दोन दाबा. ओटीपी कोनाले सांगू नोका, मलेबी नाई." शेवटच्या शब्दावर खालच्या माणसाचा धीर सुटला आणि टण्णकन एक घाव पडला. आम्ही म्हटलं पुन्हा करू. ताई म्हणाल्या, "राहू द्या. लोकायले समजन तं सही, फोन भंडाऱ्याचाच आहे."

लोक आता फोन ऐकून घ्यायचे. कित्येक जण त्या आवाजाशी बोलायचे, "हो ताई, मीच हो, पोराच्या घरी आलो हाओ," आणि मग एक दाबायचे. यंत्र उत्तम चालू लागलं, आणि चालू लागलं म्हणून आमची खोली नकोशी झाली. मला आणि साकोलीला पुण्यात घेतलं, पवनी नागपूरला गेली. सरांनी ताईंना पुण्यात वरची जागा देऊ केली. ताई नाही म्हणाल्या. वडिलांची नजर गेली होती, हे एक कारण. मला त्यांनी दुसरं सांगितलं, "तिथं मी कोनाले कोन्या गावाच्या नावानं हाका मारू रे?" हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी टेबलं गेली, स्क्रीन उतरवले. ताईंनी लॅपटॉप जमा केला, आणि जिना उतरून खाली आल्यावर त्यांना आठवलं की रात्रीअपरात्री ज्यांना उठवायचं त्या यादीत त्यांचा नंबर अजून तसाच आहे. काढायला हवा. मी म्हटलं, वरून माझा लॅपटॉप आणतो, तर म्हणाल्या, "कायले? हे आहे ना." दुकानदाराच्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी आपलं खातं उघडलं, नंबर काढला. दुकानदाराने आठवण म्हणून पितळेचा एक गडवा, म्हणजे तांब्या, दिला होता, तो काखेत होता.

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला, खात्यावर नोंदवलेला बटणांचा मोबाइल वाजला. त्यांनी उचलून कानाला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा फोनवर त्या काही बोलल्या नाहीत. मोबाइलचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. "तुमीच आहा का? मी भंडाऱ्यावून शालू धकाते बोलतो." ताईंनी माझ्याकडे बघितलं. शेवटच्या घावापर्यंत सगळं ऐकून घेतलं. एक दाबला असता तर खातं आणखी चार दिवस चालू राहिलं असतं, कागदोपत्री तेवढे दिवस त्यांचे होते.

"बरीच जोरानं बोलतो बापा मी," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्याने दोन दाबला.

मग गडवा सावरत मोहाडीवरून जाणाऱ्या तुमसरच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाल्या. मी वर जाऊन माझा लॅपटॉप उघडला. त्यांच्या नावासमोर यंत्राने ओळ लिहिली होती, 'विचारले. त्या नाहीत असे कळले. खाते बंद.'